चढता आकडा

छापखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. एकतीस वर्षं तिने तिथे प्रुफं तपासली. शाळेची पुस्तकं, कंपन्यांचे अहवाल, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची पत्रकं. एकदा अशाच एका पत्रकात एक शून्य जास्त पडलेलं तिने पकडलं, तेव्हा मालकाने सगळी यंत्रं थांबवून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्या टाळ्या तिच्या डोक्यात गेल्या, असं तिचा नवरा हयात असताना म्हणायचा. "हिला माणूस दाखवा, ही आधी त्याच्यातली काना-मात्रा बघणार."

निवृत्त झाल्यावर चुका काढायला घर तेवढं उरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. त्यात ती, सून आणि आठ महिन्यांची नात. मुलगा मालवाहू बोटीवर इंजिनिअर. नात महिन्याची असताना तो गेला, त्याला आता सात महिने होत आले होते.

सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. मूल पाच महिन्यांचं झालं तशी ती परत कामावर रुजू झाली. पायाखाली दुसरा ब्रेक असलेली राखाडी गाडी, आणि शेजारी रोज नवा माणूस. भिंगबाईला ते काम कधी पटलं नव्हतं, पण बोलायला तोंड नव्हतं. बाकी सगळ्यात सून वाखाणण्यासारखी होती. कमी बोलायची, भरभर आवरायची, वेळेवर घरी यायची.

एका गुरुवारी सकाळी कचऱ्याची पिशवी जिन्यात फाटली. भिंगबाई वाकून एकेक वस्तू गोळा करू लागली, तर टिश्यूच्या चार घड्यांत गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. एवढं नीट गुंडाळून कोण काय टाकतं? तिने उलगडलं. आत पांढरी पट्टी होती, आणि पट्टीवर दोन गुलाबी रेघा.

त्या दोन रेघा म्हणजे काय, हे कळायला तिला भिंग लागलं नाही. नातीच्या वेळेस सुनेने अशीच पट्टी सगळ्यांना नाचत दाखवली होती.

ती जिन्याच्या पायरीवरच बसली. बोटांवर हिशेब केला. सात महिने. सात महिन्यांचं पोट लपत नाही, आणि सून तर उलट वाळत चालली होती. म्हणजे हे ताजं होतं. काळजात चर्र झालं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठोपाठ एक जुनी, ओळखीची हुशारीही अंगात आली. चूक सापडली की यायची, तशी.

ती कुणाला काही बोलली नाही. पट्टी कागदात बांधून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली आणि डोळ्यांत तेल घालून बघायला लागली.

बघायला लागल्यावर दिसायला काय कमी! सून सकाळी मळमळतं म्हणून काही न खाताच निघायची. फोन आला की गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची. अधूनमधून खोकायची. खोकला आला की खोलीबाहेर उठून जायची, ते भिंगबाईला निमित्त वाटायचं. एकदा न्हाणीघरात तिने रक्ताचा डाग पाहिला आणि गोंधळली. पट्टी एक सांगते, डाग दुसरंच. मग तिने स्वतःची समजूत घातली: ही काहीतरी गोळ्या घेऊन मोकळी होऊ बघतेय.

आणि मग तो माणूस. चाळिशीचा, डोक्यावर विरळ केस, हातात कापडी पिशवी. खालच्या कोपऱ्यावर गाडीत बसायचा. शिकायला येणारे अर्ध्या तासाने उतरतात. हा शनिवारी उतरला तो पाऊण तासाने, आणि उतरल्यावरही खिडकीत वाकून बोलत राहिला. वरून भिंगबाईला शब्द ऐकू आले नाहीत. सुनेने डोळे पुसले, तेवढं दिसलं.

रविवारी दुपारी सून गॅलरीत फोनवर बोलत होती. दार नीट लागलं नव्हतं.

"हो, उद्या येते. तुम्ही म्हणालात तसंच करते... नाही, घरी कुणाला माहीत नाही. आईंना तर अजिबातच नाही."

झालं. भिंगबाईने नातीला कडेवर घेतलं, आपल्या खोलीत जाऊन कडी लावली आणि मुलाला व्हॉइस मेसेज केला. आवाज अगदी शांत ठेवला. "घरी जे चाललंय ते मला बघवत नाही. तुझी बायको दोन जिवांची आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. तू सात महिने तिथे. पुढचं तुझं तू समज." पाठवून झाल्यावर तिने तो स्वतः दोनदा ऐकला. त्यात एकही चूक सापडली नाही.

बोट भर समुद्रात होती. मेसेजवर एकच खूण आली. पोचल्याची नाही, नुसती निघाल्याची.

सोमवारी सून नेहमीपेक्षा दोन तास उशिरा आली. दंडाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. तो तिने बाही ओढून झाकला. बुधवारी ती कामाचे कपडे न घालताच निघाली, तेव्हा भिंगबाईने ठरवलं, आज सोक्षमोक्ष. घरी नातीला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. पोरीला कापडात बांधून पोटाशी धरलं, खाली येऊन टॅक्सी केली आणि सून चढली त्या बसवरून नजर हटू दिली नाही.

बस मोठ्या इस्पितळापाशी थांबली. सून उतरून सरळ आत गेली. भिंगबाई तीस पावलं मागे. लांब कॉरिडॉर, भिंतीला लावलेल्या निळ्या खुर्च्या, फिनेलचा वास. सून एका दारातून आत गेली, आणि समोरच्या दारातून तोच विरळ केसांचा माणूस बाहेर आला. अंगात पांढरा कोट.

"तुम्हीच ना?" भिंगबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. "तुम्हीच तिला गाडीत बसून रडवता ना?"

तो दचकला. त्याने तिच्याकडे, मग पोटाशी बांधलेल्या मुलीकडे पाहिलं आणि त्याला उमगलं असावं. "काकू, मी इथल्या प्रयोगशाळेत आहे. रक्त तपासतो. गाडी शिकतोय त्यांच्याकडे."

"आणि माझ्या मुलाच्या माघारी काय शिकवताय तिला?"

खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली. त्याचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "त्यांच्याबद्दल मी तुम्हाला एक अक्षर सांगू शकत नाही. सांगायचं तर त्या सांगतील."

तेवढ्यात सून बाहेर आली. सासूला तिथे पाहून तिला धक्का बसायला हवा होता. पण ती नुसती थकलेली दिसली, दोन जिने चढून आल्यासारखी. पुढे होऊन तिने मुलीच्या टाळूवर हात ठेवला.

"आलात? बरं झालं," ती म्हणाली. "पट्टी तुमच्या कपाटात आहे, ते मला शुक्रवारीच कळलं. साड्या ठेवायला गेले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आई, मी कुणाजवळ गेलेली नाही. तरी तीन वेळा पट्टी लावली, तिन्ही वेळा दोन रेघा. मलाच माझा संशय यायला लागला. झोपेत चालते का, काही आठवत नाही का, काय काय मनात आलं. गाडीत चक्कर आली, तेव्हा यांनी विचारलं म्हणून यांना सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं. चला आत. डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हीही ऐका, म्हणजे परत मला सांगायला नको."

डॉक्टरबाई वयाने सुनेएवढीच होती. टेबलावर कागद पसरलेले. तिने सासूला बसू दिलं आणि सुनेची परवानगी विचारून मगच बोलायला लागली.

"सोनोग्राफीत पिशवी रिकामी आहे. गर्भ नाही. बाहेर नळीतही नाही."

"म्हणजे पाडला," भिंगबाईच्या तोंडून निघून गेलं.

सुनेने मान वळवली नाही. डॉक्टरबाईने चष्मा काढला. "पाडला असता तर आकडा उतरला असता, काकू. सोमवारी अठ्ठावन्न हजार होता. काल बासष्ट हजार चारशे. चढतोय."

"कसला आकडा?"

"गर्भ राहिला की वार, म्हणजे गर्भाला पोसणारा भाग, रक्तात एक प्रथिन सोडते. घरच्या पट्टीला तेवढंच ओळखता येतं. ते प्रथिन कुणी सोडलं, हे पट्टीला कळत नाही."

भिंगबाईला हे आवडलं नाही. फार सफाईने सांगितलेल्या गोष्टीत तिला कायम काहीतरी दडवलेलं वाटायचं. "यंत्र चुकत असेल," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा वाचलंत का? दुसऱ्या माणसाने? आम्ही एका डोळ्याने वाचलेलं कधी छापायला सोडलं नाही."

डॉक्टरबाई हसली नाही. तिने दाराशी उभ्या असलेल्या विरळ केसांच्या माणसाला आत बोलावलं. सुनेने मान हलवल्यावर तो बोलला.

"मलाही तोच संशय होता, काकू. काहींच्या रक्तात असं काहीतरी असतं की यंत्र फसतं आणि नसलेलं दाखवतं. अशा खोट्या आकड्यावर बायकांना नको ती औषधं दिली गेलेली आहेत. म्हणून मी ते रक्त पातळ करून पाहिलं. दुप्पट पातळ केलं तर आकडा निम्मा व्हायला हवा, चौपट केलं तर पाव. खोटं असेल तर तो भलतीकडेच जातो. हा बरोबर निम्मा आणि पाव झाला. मग लघवी तपासली, कारण यंत्राला फसवणारी गोष्ट लघवीत उतरत नाही. तिथेही सापडलं. शेवटी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर लावलं. मला तो खोटा निघायला हवा होता."

ही भाषा भिंगबाईला समजली.

"मग कोण सोडतंय ते?" तिने हळूच विचारलं.

"त्यासाठी छातीचा फोटो काढलाय," डॉक्टरबाई म्हणाली, आणि उजेडाच्या पाटीवर काळी फिल्म लावली. पांढरट फासळ्यांमागे तीन गोल डाग होते, वाटाण्याएवढे. "खोकला किती दिवस आहे?"

"महिनाभर," सून म्हणाली.

"बाळंतपणात वार पडून जाते. फार क्वचित तिच्या पेशी मागे राहतात, बिघडतात आणि वाढत सुटतात. रक्तातून फुप्फुसात जातात. त्याही हेच प्रथिन सोडतात. हा कर्करोग आहे." ती थांबली. मग भिंगबाईकडे बघून म्हणाली, "ज्या बाळंतपणातून तुमची नात आली, त्यातलंच हे मागे राहिलेलं आहे. मधे दुसरं काही झालेलं नाही."

नात कापडातून हात बाहेर काढून टेबलावरचा स्टेपलर धरू बघत होती. भिंगबाईने तो तिच्यापासून दूर सरकवला.

"बरी होईन?" सुनेने विचारलं.

"हा रोग वाईट आहे, पण औषधापुढे लवकर वाकतो. इथपर्यंत गेल्यावरही बहुतेक जणी बऱ्या होतात. आणि त्याला लपता येत नाही. तुमच्या शरीरात तो कुठेही थोडा जरी उरला, तरी आकडा त्याची चुगली करेल. औषध दर आठवड्याला, आणि आकडाही. मुलीचं अंगावरचं दूध आजपासून बंद."

त्या शेवटच्या वाक्याला सून पहिल्यांदा रडली.

तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने डोळे पुसून पाहिलं आणि फोन सासूपुढे धरला. बोट कुठल्यातरी बंदराला लागली असावी. मुलाने एकच ओळ लिहिली होती: आई म्हणते ते खरं आहे का?

भिंगबाईने आयुष्यात हजारो चुका पानांवरून खोडल्या होत्या. ही ओळ खोडायला कुठेच जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवसापासून औषधं सुरू झाली. एका आठवड्याला दोन दिवस इस्पितळात राहायचं, पुढच्या आठवड्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आणखी फोटो निघाले. डोक्यात काही नव्हतं, यकृतात काही नव्हतं. भिंगबाईने घर अंगावर घेतलं. नात बाटली तोंडात धरेना, दोन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं, तिसऱ्या दिवशी हार मानली. केस गेले, तोंडात फोड आले. सून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भिंगबाई पातळ काहीतरी करून आणायची, स्टुलावर ठेवायची आणि बाहेर जायची. त्या दोघींत फक्त कामाचं बोलणं उरलं होतं: गोळी घेतलीस का, ताप आहे का, मुलगी झोपली का.

मुलाला त्या बुधवारीच भिंगबाईने दुसरा मेसेज केला होता. त्यात आवाज शांत राहिला नाही. "मी चुकले. मी खोटं सांगितलं नाही, पण ते खरं नव्हतं. तुझी बायको आजारी आहे, लगेच ये." त्याला बोटीवरून सुटायला चार आठवडे लागले. आल्या आल्या तो बायकोच्या पलंगाच्या कडेला बसला. दार उघडं होतं. भिंगबाई स्वयंपाकघरात नळ बंद करून उभी राहिली.

"मी आरोप केला नव्हता," मुलगा म्हणत होता. "मी नुसतं विचारलं."

"माहितीये."

"मग?"

"मग काही नाही. सात महिने मी तुला रोज मुलीचा फोटो पाठवत होते, आणि तुला विचारावंसं वाटलं. एवढंच."

नंतर तो रडत असल्याचं ऐकू आलं. भिंगबाईने नळ पुन्हा सोडला.

आकडा उतरत होता. बासष्ट हजारांचे नऊ हजार झाले, नऊ हजारांचे अकराशे, मग चारशे, मग दोनशे बारा. दर गुरुवारी भिंगबाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि विरळ केसांचा माणूस कागद बाहेर सरकवायचा. तिने त्याची माफी मागितली होती, भर कॉरिडॉरमध्ये, तितक्याच मोठ्या आवाजात. तो ओशाळून म्हणाला होता, "राहू द्या काकू. संशय घ्यायचा पगार मिळतो मला."

सहाव्या आठवड्यात कागदावर दोनशे एकतीस आलं.

"हा वाढलाय," ती म्हणाली.

"एकोणीसने. एवढी हालचाल यंत्राचीही असू शकते. मी दोनदा लावलं."

"म्हणजे काळजी नाही?"

"तसंही म्हणत नाही. एका आकड्यावर मी विश्वासही ठेवत नाही आणि अविश्वासही. पुढच्या गुरुवारी बघू. तोवर घरी त्यांना खरा आकडा सांगा, कमी करून सांगू नका."

कमी करूनच सांगावं, असं तिच्या मनात आलं होतं; पण तिने त्याचं ऐकलं. त्या संध्याकाळी तिने कागद सुनेच्या हातात दिला. सुनेने वाचला आणि तिच्याकडे असं रोखून पाहिलं की भिंगबाईला आपणच तो आकडा वाढवल्यासारखं वाटलं.

"हा खरा आहे ना? की मला घाबरवायला नको म्हणून दुसराच छापून आणलाय?"

"खरा आहे."

"तुमचं काही सांगता येत नाही," सून म्हणाली. त्यात चेष्टा किती आणि राग किती, ते भिंगबाईला कळलं नाही.

तो आठवडा कुणालाच नीट गेला नाही. मुलगा फोनवर त्या रोगाविषयी वाचत बसायचा आणि खोलीत कुणी आलं की फोन पालथा घालायचा. पुढच्या गुरुवारी आकडा शहाण्णव आला, त्यानंतर एकतीस, मग आठ. दहाव्या आठवड्यात कागदावर लिहिलं होतं: पाचपेक्षा कमी. म्हणजे निरोगी बाईच्या रक्तात असतो तेवढाच. डॉक्टरबाईने तरीही आणखी सहा आठवडे औषध चालू ठेवलं. "दिसत नाही म्हणजे नाही, असं मी एवढ्यात म्हणणार नाही," ती म्हणाली. छातीच्या फोटोतले डाग विरून अंधूक खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

औषधं संपल्यावर महिन्याभराने सुनेने सांगितलं की ते तिघं वेगळं घर घेताहेत, इस्पितळाजवळ. मुलाने बोट सोडून गोदीत दुरुस्तीचं काम धरलं होतं. तिने ते जेवताना सांगितलं, भांडण न करता. भिंगबाईने "का?" विचारलं नाही. त्या घरात आता प्रत्येक कपाट उघडताना सुनेचा हात थबकायचा, हे तिने पाहिलं होतं.

ठरलं ते असं: आठवड्यातून तीन दिवस, सून गाडी शिकवायला जाईल तेवढा वेळ, भिंगबाईने तिकडे जाऊन नातीला सांभाळायचं. ती जायची. जाताना घंटी वाजवायची, किल्ली दिलेली असूनही. कुणाचा फोन वाजला तर दुसऱ्या खोलीत जायची. तिच्या मनात शंका यायची बंद झाली नव्हती. सून जरा खोकली तरी ती हातातलं काम बाजूला ठेवायची. पण ती आता सरळ विचारायची. "खोकला कसला आहे?" आणि सून म्हणायची, "थंड पाणी प्यायले," किंवा "माहीत नाही, परवा दाखवते."

वर्षभर दर महिन्याला रक्त गेलं आणि दर महिन्याला पाचपेक्षा कमीच आलं. शेवटच्या तपासणीचा कागद सुनेने स्वतः आणला. केस खांद्याला टेकायच्या बेतात आले होते. तिने कागद टेबलावर ठेवला. भिंगबाईने तो आधी एकदा वाचला, मग परत वाचला, आणि इतके दिवस राहून गेलेलं विचारलं.

"मला माफ केलंस का गं?"

सुनेने चपला काढल्या, मग ती पाणी प्यायली. विचार करून बोलली.

"अजून नाही, आई. रोज थोडं थोडं करते. काही दिवशी होत नाही."

"बरं."

"पण तुम्ही येत जा."

मुलगी पलंगाखालून रांगत बाहेर आली आणि दोघींच्या मधे उभी राहिली. चालायला कधीच शिकली होती, पण कंटाळा आला की अजून रांगायची. भिंगबाई उठणार, तोच सून म्हणाली, "बसा, नखं वाढलीयेत तिची. तुमच्याकडे हात देते ती, माझ्याकडे देत नाही." भिंगबाई खाली जमिनीवर बसली, नातीला मांडीत घेतलं आणि एकेक बोट उजेडाकडे धरून नखं काढायला लागली.